आठव्या किलोमीटरला बंद पडणारी गाडी

आमच्या घरातली मोटरसायकल माझ्या हाती आली ती मामांच्या आजारपणामुळे. मामा म्हणजे माझे सासरे. तीस वर्षं त्यांनी शेवगावच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा केलं. गाडीच्या दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लटकवून ते उजाडायच्या आत निघायचे आणि संकलन केंद्रावर दूध घालून नऊपर्यंत परत यायचे. दूध काही मिस्तरीची वाट बघत नाही, ते नासतं. त्यामुळे गाडीचं जे काही असेल ते मामा स्वतःच करायला शिकले होते. प्लग साफ करणं, क्लचची वायर बदलणं, चेन ताणणं, कार्बोरेटर खोलून धुणं, सगळं दारातल्या लिंबाखाली, गोणपाटावर बसून. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा कितीतरी रविवारी मला ते सुटे भाग ओलांडून वाळवणाच्या दोरीपर्यंत जावं लागायचं. मनातून मी वैतागायची, पण बोलले कधी नाही.

मागच्या वर्षीच्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. नगरला दवाखान्यात पंधरा दिवस काढले. पाय हळूहळू परतला, काठी धरून घरातल्या घरात चालायला लागले. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहायचा. आणि बोलणं गेलं. अगदीच गेलं असं नाही. डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं की यांना कळतं सगळं, फक्त पाहिजे तो शब्द सापडत नाही, कधी कधी भलताच हाती लागतो. ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ एवढे दोन शब्द त्यांच्याजवळ भरवशाचे उरले होते.

व्यायाम म्हणून चित्रं दाखवून नावं विचारायला सांगितली होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पहिली-दुसरीला. वर्गातला जादा तक्ता घरी आणला आणि खाटेजवळ बसून चित्रांवर बोट ठेवायला लागले. गाईच्या चित्राशी आलो तेव्हा आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, मोठ्या आशेनं विचारलं, “अहो, हे काय हाय, सांगा बरं?” जन्म गाईम्हशींत गेलेला तो माणूस. त्यांनी आमच्या दोघींकडे एकदा पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. आठवड्याभरात तक्ता दिसेनासा झाला. अंथरूण झाडताना गादीखाली घडी करून ठेवलेला सापडला. मी तो पुन्हा काढला नाही.

माझी शाळा शेवगावपासून सोळा किलोमीटरवर एका वस्तीवर आहे. पूर्वी मी एका सहकारी बाईंच्या मागे बसून जायची. त्यांची बदली झाली, जीपच्या वेळा शाळेशी जुळेनात. नवरा पुण्याकडे कंपनीत, शनिवारी रात्री येतो आणि रविवारी संध्याकाळी जातो. दारात मामांची गाडी उभीच होती. गियरची गाडी मला कॉलेजात असल्यापासून येत होती, वडिलांनी शिकवली होती. आत्या म्हणाल्या, “लई जड हाय गं ती, झेपंल का तुला?” झेपली. दोन-तीन महिने काही तक्रार नव्हती.

मार्चमध्ये एका सोमवारी गाडी रस्त्यात बंद पडली. आधी पेट्रोल संपल्यासारखे आचके दिले, मग वेग कमी होत होत ती गप्प झाली. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून मोकळं झालेलं रान. पेट्रोल मी आदल्याच संध्याकाळी भरलं होतं. रिझर्व्हचा कॉक फिरवला, किका मारल्या, घाम पुसला, पुन्हा किका मारल्या. शेवटी कंटाळून बाभळीच्या सावलीला उभी राहिले. पंधरा-वीस मिनिटांनी सहज म्हणून किक मारली तर सुरू. शाळेपर्यंत व्यवस्थित गेली. संध्याकाळी येताना पुन्हा तसंच, साधारण त्याच जागी.

मंगळवारी तेच. बुधवारीही तेच. मी मीटरवर नजर ठेवायला लागले. घरून निघाले की आठ किलोमीटरला बंद, आणि शाळेतून निघाले तरी आठ किलोमीटरला बंद. शाळा सोळा किलोमीटरवर, त्यामुळे दोन्ही वेळा जागा एकच यायची. तिथून जवळच म्हसोबाचं एक ठाणं आहे, शेंदूर लावलेला दगड आणि त्यावर पत्र्याचं छप्पर. वस्तीवरच्या एका आजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “बाई, एक नारळ फोडून टाका. पुढं काय त्रास व्हनार न्हाई.” मी नारळ फोडला नाही, पण तिथून जाताना हात जोडायला लागले हे खरं. मुख्याध्यापक समजूतदार, काही बोलले नाहीत. पण परिपाठ संपल्यावर रोज धापा टाकत फाटकातून आत शिरायचं म्हणजे मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

स्टँडजवळच्या मिस्तरीकडे तीनदा गाडी नेली. त्यानं प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, एअर फिल्टर झटकला. प्रत्येक वेळी तो स्वतः एक चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, “एकदम ओके हाय मॅडम.” चक्कर असायची एक किलोमीटरची. एवढ्या अंतरात गाडीला काही होतच नव्हतं. पुढच्या सोमवारी तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यानं डोकं खाजवलं. “आता इंजिनच खोलावं लागंल. आठ दिवस गाडी इथं सोडा.”

मी त्या रात्रीच्या फोनवर नवऱ्याला सांगितलं. आत्यांनाही ऐकू जावं म्हणून फोन स्पीकरवर होता. तो म्हणाला, “इंजिन खोलण्यात काही अर्थ नाही. विकून टाकू तिला. तुला स्कूटी बघू.”

मामा खाटेवर बसलेले होते. मी फोन ठेवला आणि आत्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला लागले. पेट्रोल असून पेट्रोल संपल्यासारखी कशी करते, थोडं थांबलं की आपोआप कशी सुरू होते, आठ किलोमीटरचा हिशेब कसा चुकत नाही. तेवढ्यात मामा बोलले.

“टोपी.”

चार महिन्यांत ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ सोडून निघालेला तो पहिला स्वच्छ शब्द होता. आत्या लगबगीनं उठल्या. खुंटीवरची त्यांची पांढरी टोपी आणली, झटकली आणि त्यांच्या डोक्यावर नीट बसवली. मामांनी डाव्या हातानं ती काढून खाटेवर टाकली. “टोपी,” ते पुन्हा म्हणाले आणि दाराकडे हात केला.

“बाहेर जायचं म्हणत असतील,” आत्या म्हणाल्या. टोपीशिवाय ते कधी उंबऱ्याबाहेर पडले नव्हते, त्यामुळे मलाही ते पटलं. आम्ही त्यांना धरून ओट्यावर नेलं आणि खुर्चीत बसवलं. त्यांनी हताशपणे मान हलवली. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझ्या शाळेतून येण्याच्या वेळेला पुन्हा तेच. टोपी. आत्यांनी जुनी टोपी धुऊन, खळ घालून, इस्त्री करून दिली. त्यांनी ती ढकलून दिली. मळकी वाटत असेल म्हणून आत्यांनी बाजारातून नवी आणवली. ती तर त्यांनी दारापर्यंत भिरकावली. एवढा रागीट त्यांचा स्वभाव कधीच नव्हता. आत्या स्वयंपाकघरात येऊन माझ्याजवळ उभ्या राहिल्या. हळूच म्हणाल्या, “डोक्यावर परिणाम झाला का गं त्यांच्या? का दुसरा झटका यायचा असंल?”

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी रक्तदाब बघायला सांगितला, जीभ वाकडी होते का, पाय ओढतात का ते विचारलं. तसं काही नव्हतं. दोन दिवस लक्ष ठेवा म्हणाले. आम्ही दोघी लक्षच ठेवून होतो. मामा झोपले तरी आत्या त्यांच्या छातीकडे बघत बसायच्या.

गुरुवारी सकाळी गाडी पुन्हा म्हसोबाजवळ थांबली. एक धनगर बांधाकडेला मेंढ्या चारत होता. दोन-तीन दिवस तो मला तिथं उभी असलेली बघत असावा. जवळ येऊन म्हणाला, “पेट्रोल हाय का बघा की बाई.”

“आहे हो, भरलंय.”

“बघा तर खरं.”

त्याच्या समाधानासाठी मी किल्ली लावून टाकीचं झाकण उघडलं. आतून ‘स्स्’ असा आवाज आला, जसा बरणीचं घट्ट झाकण काढताना येतो. पेट्रोल निम्म्याच्या वर होतं. त्यानं वाकून पाहिलं, मान डोलावली. मी झाकण लावून किक मारली आणि गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. पंधरा मिनिटं नाही, पाचही नाही.

“नुसतं बघितलं की चालती व्हय,” धनगर म्हणाला आणि मेंढ्यांमागे निघून गेला. मला हसू आलं. वेळेवर पोचायच्या आनंदात मी पुढचा विचारच केला नाही.

संध्याकाळी घरी आले. मामा खाटेवर, आत्या खाली बसून शेंगा फोडत होत्या. मी चहा टाकला आणि आतूनच आत्यांना ती गंमत सांगायला लागले. “तो म्हणाला म्हणून मी टाकीचं झाकण उघडलं,” असं म्हणते न म्हणते तोच बाहेरच्या खोलीत काठी आपटल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, तीनदा. मी धावत आले. मामा काठी जमिनीवर आपटत होते आणि डावा हात हवेत गोल फिरवत होते, एखादं झाकण पिळून उघडावं तसा.

“टोपी,” ते म्हणाले. “टोपी. टोपी.”

मी त्यांच्या हाताकडे बघितलं आणि जागच्या जागी खाली बसले.

“मामा, टाकीची टोपी? पेट्रोलच्या टाकीचं झाकण?”

त्यांनी डोळे मिटले. काठी हातातून सुटली. “व्हय,” ते म्हणाले. इतका लांबलेला ‘व्हय’ मी कधी ऐकला नव्हता.

चार दिवस तो माणूस आम्हाला गाडीचा आजार सांगत होता आणि आम्ही त्याच्या डोक्यावर टोप्या चढवत होतो. आत्यांच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, “डोकं ठिकानावर हाय त्यांचं. माझंच न्हवतं.” आणि रडता रडता हसायला लागल्या. मामांच्याही तोंडाची एक बाजू हसली.

आम्ही त्यांना ओट्यावर आणून खुर्चीत बसवलं. मी झाकण उघडून त्यांच्या हातात दिलं. ते उलटं करून त्यांनी आतल्या बाजूचं एक अगदी बारीक भोक अंगठ्यानं दाखवलं. नंतर झाकण ओठांजवळ नेऊन फुंकायचा प्रयत्न केला, पण वाकड्या बाजूनं वारं निसटून जात होतं. झाकण त्यांनी माझ्याकडे दिलं. मी भोकावर ओठ ठेवून फुंकलं. गाल फुगले, वारं काही पलीकडे गेलं नाही. भोक बुजलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टाकीतलं पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यायला पाहिजे. ती या भोकातून येते. भोक बंद, म्हणून आठ किलोमीटरपुरतं पेट्रोल उतरायचं आणि मग अडकायचं. उभी करून ठेवली की कुठून तरी थोडी हवा आत शिरायची आणि पुन्हा आठ किलोमीटर. म्हसोबाचा काही दोष नव्हता. मी वर्गात तेलाच्या डब्याला दोन बाजूंनी भोकं का पाडतात ते मुलांना विचारते, आणि हे मला सुचलं नव्हतं.

आत्यांनी गोधडी शिवायची सुई आणून दिली. एका जुन्या वाटीत मी नळीतून थोडं पेट्रोल काढलं तशी मामांची काठी स्वयंपाकघराच्या दिशेनं उठली. चहा अजून गॅसवर होता. आत्या जाऊन गॅस बंद करून आल्या, तेव्हाच काठी खाली झाली. झाकण पेट्रोलमध्ये भिजत ठेवलं, हलक्या हातानं सुई फिरवली. चिकट काळपट माती निघाली. पुन्हा भिजवलं, पुन्हा सुई. सगळं मी करत होते, पण माझी नजर त्यांच्याकडे होती. मान हलली की थांबायचं, बोट हललं की पुढं जायचं. शेवटी झाकण कोरडं करून मी फुंकलं तेव्हा त्यांनी आपला डावा तळवा पलीकडून धरला. वारं तळव्याला लागलं. त्यांनी मान डोलावली.

अंधार पडायला तासभर होता. मामांनी काठीनं रस्ता दाखवला.

मी निघाले. पहिले पाच-सहा किलोमीटर मीटरकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघत होतेच. सात झाले. ऊस आला. कान इंजिनाकडे लागलेले, हात ॲक्सिलरेटरवर घट्ट. म्हसोबाचं छप्पर दिसलं, जवळ आलं, मागे गेलं. नऊ झाले. दहा झाले. अकराव्याला मी गाडी वळवली आणि न थांबता परत निघाले. वारं तोंडावर येत होतं. मला मोठ्यानं गावंसं वाटत होतं, पण समोरून ओळखीचं कोणी आलं तर काय म्हणेल म्हणून गप्प राहिले. खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं. शाळेला उशीर, इंजिन खोलणं, गाडी विकणं, मामांच्या डोक्याची काळजी, सगळं त्या बाजरीच्या दाण्याहून लहान भोकात अडकून बसलं होतं.

परत आले तेव्हा दोघं फाटकाशी होते. मामांना खुर्ची तिथंपर्यंत आणून दिली होती. आत्या म्हणाल्या, “तू वळनावर हुतीस तवाच हे म्हनले, आली. मला तर कायच ऐकू आलं न्हवतं.”

रविवारी नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा तो जरा ओशाळला. गाडी पहिल्यांदा बंद पडली त्याच्या आदल्याच दिवशी, रविवारी, त्यानंच गाडी वॉशिंग सेंटरवर जोराच्या पाण्यानं धुऊन आणली होती. वर्षानुवर्षांची धूळ त्या पाण्यानं भिजून भोकात गच्च बसली असणार. मामांनी त्याच्याकडे पाहिलं. गाडी विकायचा विषय निघाला नाही.

त्यानंतर रविवारी सकाळी गोणपाटावर मी बसायला लागले. मामा खुर्चीत, मी खाली. चेन ढिली झाली होती, ती ताणायला शिकले. मागचं चाक दोन्ही बाजूंना सारखं ओढलं आहे का ते खुणेवर बघायचं, नाहीतर चाक तिरकं होतं, हे त्यांनी मला काठीच्या टोकानं दाखवलं. पहिल्या वेळी मी चेन फारच ताणली. त्यांनी “न्हाई” म्हणून सगळं परत उघडायला लावलं. माझे हात काळे झाले, एका नखाला लागलं. आत्या वाळवण घालायला जाताना सुटे भाग ओलांडून जायच्या आणि काही बोलायच्या नाहीत.

एकदा मी पेटीतून पाना काढला. तो बोल्टला बसेना. मी दुसरा शोधत होते तेवढ्यात मामा म्हणाले, “दहा.” मी वर पाहिलं. “दहा नंबर,” ते म्हणाले. दहाचा पाना घेतला, तो बसला. त्यानंतर आकडे येत गेले. दहा, बारा, चौदा, मग ‘पक्कड’, मग ‘सैल’. गाईच्या चित्राला जे जमलं नव्हतं ते पान्यांना जमत होतं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, चालू द्या, ज्यात त्यांचं मन लागतं ते करू द्या. सगळंच सुधारलं असं नाही. हात अजून मांडीवरच असतो. पाण्याला ते कधी कधी ‘रस्ता’ म्हणतात. पण ‘रस्ता’ म्हणाले की आता आम्ही घाबरत नाही, आधी तांब्या आणून बघतो.

यंदाच्या थंडीत एक दिवस गाडी पुन्हा बंद पडली, शाळेच्या अलीकडे तीन किलोमीटरवर. मागून काळा धूर आला, इंजिन भकभकलं आणि थांबलं. मी आधी टाकीचं झाकण उघडलं. आवाज आला नाही, म्हणजे ते नव्हे. प्लगची टोपी दाबून पाहिली. किका मारल्या. पेट्रोलचा वास येत होता. मग घरी फोन लावला.

“आत्या, फोन मामांच्या कानाला धरा.”

मी फोन इंजिनाजवळ धरून चार किका मारल्या आणि कानाला लावला. पलीकडे आत्या विचारत होत्या, “ऐकू आलं का अहो?” आणि मामा त्यांना गप्प बसायला सांगत असावेत, कारण त्या मध्येच थांबल्या.

“चोक,” मामा म्हणाले. “चोक… बंद कर.”

मी खाली वाकून पाहिलं. सकाळी गारठ्यात गाडी सुरू होईना म्हणून मी चोक ओढला होता. तो तसाच ओढलेला राहिला होता. तेरा किलोमीटर मी तशीच आले होते. चोक बंद केला, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून पाच-सहा किका मारल्या. थोडा धूर निघाला आणि गाडी सुरू झाली.

“सुरू झाली मामा,” मी फोनवर म्हटलं. आत्यांनी फोन घेतला आणि भाजीला काय आणायचं ते सांगायला लागल्या. मी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, हेल्मेट चढवलं आणि निघाले. शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना सुरू व्हायची होती. मुलं रांगेत उभी राहत होती. मी हाताला लागलेलं काळं रुमालाला पुसलं आणि पहिलीच्या रांगेपुढे जाऊन उभी राहिले.